दळणाऱ्याचं नाव

लेकीच्या इमारतीच्या दाराशी घंट्यांची एक पट्टी आहे. आठ घरं, आठ बटणं आणि प्रत्येक बटणाशेजारी नखाएवढ्या काचेखाली एकेक आडनाव. जर्मनीत बहुतेक ठिकाणी घरांना आपल्यासारखे फ्लॅट नंबर नसतात. रस्त्याचं नाव, इमारतीचा क्रमांक, आणि त्यापुढे माणूस सापडायचा तो आडनावावरून. पोस्टमनसुद्धा ही आडनावं वाचूनच पत्रं टाकतो. पहिल्या दिवशी श्टुटगार्टच्या त्या चढणीच्या रस्त्यावर बॅगा धरून मी उभी होते आणि लेक पर्समध्ये किल्ली शोधत होती. तेवढ्या वेळात मी आठही नावं वाचून काढली. तिसरं आमचं होतं. दुसरं आणि सातवं एकच होतं. म्युलर.

“हे दोघे भाऊ भाऊ का गं?”

“छे गं आई, काही नातं नाही त्यांचं. इथले म्युलर म्हणजे आपल्याकडचे पाटील. दर इमारतीत एक तरी असतोच.”

त्या रात्री मला झोप लागली नाही. प्रवासाने दिवसरात्र उलटीपालटी झाली होतीच, पण डोक्यात ते नावही फिरत होतं. ते माझ्या जुन्या ओळखीचं होतं. विशीत असताना मी पुण्यात बोट क्लब रोडच्या मॅक्स म्युलर भवनात जर्मन शिकायला जात असे. पहिल्याच आठवड्यात बाईंनी आम्हांला त्या नावातला स्वर शिकवला होता. ओठांचा चंबू ‘ऊ’ म्हणताना करतो तसा करायचा आणि आतून ‘ई’ म्हणायचं. आपल्या बाराखडीत तो स्वर नाही. आम्ही घरी आरशासमोर उभं राहून सराव करायचो. ज्या वास्तूत शिकायला जातो तिचं नावच आजवर आपण चुकीचं उच्चारत होतो, हे तेव्हा कळलं. आणि शब्दांच्या वहीत पहिल्या पानांवर कुठेतरी मी लिहून ठेवलं होतं : म्युलर, म्हणजे पीठ दळणारा. गिरणीवाला.

त्यानंतर तो शब्द वहीतच राहिला. त्या रात्री, परक्या गावातल्या काळोखात, तो एकदम वासासकट वर आला. गरम पिठाच्या वासासकट.

सातारा जिल्ह्यात, कृष्णेपासून कोसभर आत आमचं गाव. गावात एकच पिठाची गिरणी. डिझेल इंजिनावर चालायची आणि तिच्या नळकांड्यातून येणारा ‘पुक् पुक्’ आवाज थेट मळ्यापर्यंत ऐकू जायचा. तो सुरू झाला की आया हातातलं काम टाकून डबे काढायच्या. आत डब्यांची रांग. ज्वारीवर ज्वारी, गव्हावर गहू. आधीच्या बाईचा हरभरा असेल तर पुढची थांबायची. मालकांच्या भुवया, कानांवरचे केस, बंडी, सगळं पांढरं. त्यांना अख्खं गाव ‘गिरणीवाले अण्णा’ म्हणायचं. त्यांचा थोरला तो गिरणीवाल्यांचा थोरला, घरात सून आली ती गिरणीवाल्यांची सून. कागदोपत्री त्यांचं आडनाव वेगळं होतं. रेशनकार्डावर असेल, सातबाऱ्यावर असेल. गावाच्या तोंडी कधी आलं नाही. लहानपणी मला वाटायचं, हेच त्यांचं आडनाव.

सातआठशे वर्षांपूर्वी ऱ्हाईनच्या खोऱ्यात हेच घडलं होतं. फरक एवढाच, की तिथे गावाने मारलेली हाक पुढे कागदावर चढली आणि मग उतरली नाही.

बाराव्या शतकापर्यंत बहुतेक जर्मन माणसांचं एका नावावर भागत होतं. मग कलोन, बाझेल यांसारखी शहरं फुगत गेली. बाप्तिस्म्याची नावं तर मोजकीच. जिकडे तिकडे योहानेस, हाइनरिश, कॉनराड. हाइनरिशचा हिन्त्स व्हायचा, कॉनराडचा कुन्त्स, आणि ते इतके झाले की ‘हिन्त्स आणि कुन्त्स’ म्हणजे जर्मनमध्ये आजही सोम्यागोम्या. जमीन विकताना, कर भरताना, साक्ष देताना यातला कुठला कॉनराड, हे कारकुनाला लिहावं लागे. मग तो नावापुढे एखादी खूण जोडायचा. कुणाच्या बापाचं नाव, कुणाचं गाव. कुणाचे केस कुरळे म्हणून क्राउसे, कुणी बुटका म्हणून क्लाइन. आणि कुणाचा धंदा : श्मिट लोहार, श्नायडर शिंपी, वेबर विणकर, फिशर कोळी. ही खूण आधी त्या एका माणसापुरती असायची, त्याच्याबरोबर जायची. हळूहळू ती मुलाला लागली, नातवाला लागली. दक्षिणेकडच्या आणि पश्चिमेकडच्या शहरांत हे आधी झालं, उत्तरेकडे आणि खेड्यांत कितीतरी उशिरा. पार उत्तरेला फ्रीसलंडच्या किनाऱ्यावर तर बापाचं नाव पुढे लावायची रीत नेपोलियनच्या काळापर्यंत टिकून होती. 1876 पासून साऱ्या साम्राज्यात जन्म-मृत्यूची सरकारी नोंद सुरू झाली आणि नावं जशी लिहिली गेली तशी गोठली. म्युलर हे नाव रोमन ‘u’वर दोन टिंबं देऊन लिहायचं की शेजारी ‘e’ काढून, हेदेखील तेव्हाच्या नोंदीत जसं उतरलं तसं पिढ्यानपिढ्या चालू राहिलं.

या सगळ्या नावांत म्युलर पहिला. जर्मनीतही पहिला आणि स्वित्झर्लंडमध्येही. उत्तरेकडचा म्योलर, बव्हेरियातला मिलर, लॅटिनची हौस असलेल्यांनी केलेला मोलिटोर, हे त्याचेच भाऊबंद, ते आणखी वेगळे. गिरणीवाले काही शेतकऱ्यांपेक्षा जास्त नव्हते. पण गावात शेतकरी सगळेच. ‘शेतकरी’ म्हणून हाक मारली तर दहा जण वळून बघणार. गिरणी मात्र एकच. म्हणून तिथल्या माणसाची ओळख त्याच्या कामातच पुरी व्हायची. एका गावात एक, असे हजारो गावांतले एकेक मिळून हा समुद्र झाला आहे. म्हणूनच आमच्या पट्टीवरच्या दुसऱ्या आणि सातव्या घंटीचं एकमेकांशी रक्ताचं नातं नाही. त्यांचं नातं दोन वेगळ्या ओढ्यांचं आहे.

तसा एक ओढा मला पाहायला मिळाला. पेंटेकॉस्ट सणाचा सोमवार हा जर्मनीत गिरण्यांचा दिवस असतो. 1994 पासून दर वर्षी त्या दिवशी देशभरातल्या जुन्या पाणगिरण्या आणि पवनचक्क्या लोकांसाठी उघडतात. लेक मला श्वार्त्सवाल्डमधल्या एका दरीत घेऊन गेली. गाडी खाली ठेवून वर चालत गेलो. आधी पाण्याचा आवाज आला, मग कोळशासारखं काळंभोर, शेवाळलेलं लाकडी चाक दिसलं. लाकडी पन्हळीतून पाणी चाकाच्या डोक्यावर पडत होतं आणि एकेक कप्पा भरला की चाक वजनाने खाली झुकत होतं. इतकं सावकाश, की मला वाटलं, याने काय दळलं जाणार! पण आत गेल्यावर जमीन थरथरत होती. लाकडी दातांच्या चाकांनी तो संथ फेरा कितीतरी पटींनी वाढवून वर पाठवला होता आणि वरचा दगड भरधाव फिरत होता.

तिथले गिरणीवाले सत्तरी ओलांडलेले. त्यांचं आडनाव म्युलर नव्हतं. त्यांनी आमचं स्वागत केलं ते ‘ग्ल्युक त्सू’ म्हणून. गिरणीवाल्यांचा हा आपसातला जुना नमस्कार : भाग्य लाभो. वरच्या चौकोनी पेटीत गहू होता. तिच्या खालच्या पन्हळीला फिरणारा दांडा सतत ठोके देत होता, म्हणजे दाणे एकदम न कोसळता चिमटीचिमटीने दगडाच्या डोळ्यात पडावेत. तो ठोक्यांचा आवाज म्हणजेच गिरणीचा आवाज. जर्मन बालगीतांत गिरणी वाजते ती हीच. पेटीतलं धान्य संपत आलं की एक घंटा वाजते, कारण दाणा संपून दगडावर दगड फिरला तर ठिणग्या उडतात आणि पिठाने भरलेली लाकडी गिरणी पेटायला वेळ लागत नाही. त्या घंटेसाठी गिरणीवाले रात्री अर्ध्या झोपेत असत. पलीकडे चाळणीची पेटी होती आणि तिच्या तोंडाशी लाकडात कोरलेला एक राक्षसी चेहरा, बटबटीत डोळ्यांचा, आ वासलेला. त्या जबड्यातून कोंडा बाहेर पडत होता. लहान मुलं त्याच्यासमोर रांग लावून उभी होती.

मी चेहऱ्यापासून वळले तर गिरणीवाले पिठाखाली हात धरून उभे होते. पडणारं पीठ त्यांनी तळव्यावर घेतलं, अंगठ्याने तर्जनीवर चोळलं, क्षणभर डोळे मिटले आणि एका लाकडी चाकाला किंचित पीळ दिला. दगड केसभर वर उचलला गेला. ठोक्यांचा सूर बदलला.

माझ्या अंगावर काटा आला. आजी हेच करायची. जात्याच्या कडेने पडणारं पीठ चिमटीत घेऊन अंगठ्याने चोळायची. भरड वाटलं तर माकडीखाली चिंधीची घडी कमी करायची, फार गरम लागलं तर वाढवायची. तेच बोट, तीच नजर, तोच मिटलेला क्षण.

त्या माणसाने आम्हांला गिरणीचे जुने जाच सांगितले. ओढ्याला बांध घालायचा, चाक बसवायचं, तर खर्च मोठा. तो जहागीरदार करायचा आणि मग आजूबाजूच्या गावांनी त्याच गिरणीत दळायचं असा हुकूम निघायचा. दुसऱ्या गिरणीत गेलात तर दंड. कित्येक ठिकाणी घरातल्या हातजात्यांवरसुद्धा बंदी होती. प्रशियात हा जुलूम कायद्याने संपला तो 1810 च्या सुमारास. दळणाऱ्याची मजुरी म्हणजे दळणातलाच हिस्सा, तोही त्यानेच मापाने काढून घ्यायचा. म्हणून लोकांना तो लागायचा, आणि त्याच्यावर विश्वासही नसायचा. गावाबाहेर पाण्याकाठी राहणारा, रात्री दिवा जाळणारा, आपल्या पोत्यात हात घालणारा माणूस! अनेक कारागिरांच्या संघांत गिरणीवाल्याच्या मुलाला घ्यायचे नाहीत. 1548 आणि 1577 च्या साम्राज्याच्या फर्मानांत विणकर, न्हावी, मेंढपाळ यांच्याबरोबर गिरणीवाल्यांच्या मुलांनाही अडवू नका, असं मुद्दाम लिहावं लागलं. आज ज्या नावाकडे कुणी मान वळवूनही बघत नाही, त्या नावामागे असा शतकांचा संशय उभा होता हे मला माहीत नव्हतं. आणि तरीही लोकांनी ते नाव टाकलं नाही, याचं मला कौतुक वाटतं.

त्याच गिरणीने जर्मन भाषेला न्यायाचं एक साधं सूत्रही दिलं आहे. तेराव्या शतकात आइके फॉन रेपगोव याने सॅक्सनीचे रूढ कायदे ‘झाक्सेनश्पीगेल’ या ग्रंथात मांडले. त्यात गिरणीचा नियम आहे : आधी येईल त्याचं दळण आधी. पुढे त्याची म्हण झाली आणि आज बँकेच्या रांगेत, बसच्या रांगेतही तीच म्हण ऐकू येते. अण्णांच्या गिरणीतली डब्यांची रांग आठवली. तिथे डब्यांनाच माणसांचा मान होता; बाई घरी जाऊन भाकऱ्या थापून आली तरी तिच्या डब्याची जागा कुणी घ्यायचं नाही.

आता अशा गिरण्यांचे थोडेच अवशेष उरलेत. 1957 मध्ये पश्चिम जर्मनीत कायदा झाला आणि गिरण्या बंद करणाऱ्यांना पैसे मिळू लागले. एकामागून एक ओढे मोकळे झाले. नावं राहिली.

निघताना मी दगडावर हात ठेवला. थंड, किंचित खरखरीत. लेक म्हणाली, “आई, किती वेळ?” पण मला आणखी मागे जायचं होतं, या चाकाच्याही मागे.

म्युलर हा शब्द मुळात जर्मन नाहीच. रोमन आले तेव्हा आपल्याबरोबर पाण्यावर फिरणारी गिरणी घेऊन आले. तिचं उत्तरकालीन लॅटिन नाव मोलिना आणि ती चालवणारा मोलिनारिउस. जुन्या जर्मनमध्ये त्याचा मुलिनारी झाला, मध्ययुगात म्युलनेर, आणि मग म्युलर. नवं यंत्र आलं, त्याच्याबरोबर नवा शब्द आला, आणि त्या शब्दातून नवा धंदेवाईक माणूस उभा राहिला. मग त्याआधी काय लोक दळत नव्हते? दळत होते. घरात, हातांनी, दोन दगडांवर. त्या हातजात्याला अस्सल जर्मॅनिक शब्द होता, क्विर्न. इंग्रजीत तो अजून ‘क्वर्न’ म्हणून जिवंत आहे. जर्मनमध्ये बोलण्यातून तो विरून गेला आणि क्वेरफुर्टसारख्या गावांच्या नावांत अडकून राहिला. क्वेरफुर्ट म्हणजे जात्याचा उतार. हातजातं घराबाहेर पडून ओढ्यावर गेलं तेव्हा जुना शब्द घरातच राहिला आणि बाहेर गेलेल्याला परकं, नवं, मानाचं नाव मिळालं.

हातजात्यांचे दगड तिथेही ज्वालामुखीचेच. आयफेलच्या डोंगरात मायेन नावाचं गाव आहे. तिथल्या लाव्हाच्या खडकातून काढलेली जाती रोमन काळात ऱ्हाईनमधून होड्यांनी थेट ब्रिटनपर्यंत जात. त्या खडकाला बारीक छिद्रं असतात, म्हणून झिजला तरी त्याची धार जात नाही. आमच्या आजीचं जातंही लाव्हाचंच, सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाचं. आपला दगड घट्ट, म्हणून तो गुळगुळीत व्हायचा आणि वर्षातून एकदा टाकी लावायला बाई यायची. मी ओसरीवर बसून बघायचे. छिन्नीच्या टोकाशी पांढरे ठिपके उमटत जायचे आणि दगडावर पुन्हा देवीचे वण दिसायला लागायचे. टाकी लावून झाली की पहिलं दळण माणसांना नाही. कोंडा दळायचा आणि तो गाईला घालायचा, दगडाची कच निघून जावी म्हणून.

आपल्याकडे सुतार आहेत, लोहार आहेत, कुंभार, सोनार, शिंपी, तेली, जोशी, कुलकर्णी आहेत. दळणाऱ्याचं आडनाव मला कुणाचंच भेटलं नाही. दळवी सैन्याच्या दळाचे, दळणाचे नाहीत. पहाटे चारला उठून घराघरात जे काम चालायचं, ज्याच्यावाचून एकही चूल पेटली नसती, त्या कामाचं आडनाव झालं नाही, कारण ते बाईचं होतं आणि उंबऱ्याच्या आतलं होतं. उंबऱ्याबाहेर गेलेल्या कामालाच नाव मिळालं. तिकडेही आणि इकडेही. आपल्या बायकांनी मग जात्यापाशी ओव्या ठेवल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हाँ यांनी गावोगाव फिरून त्या गोळा केल्या, त्या एक लाखाच्याही वर भरल्या. मला तो आकडा आडनावासारखा वाटतो.

जर्मन बायकांच्या नावाला पूर्वी एक शेपूट होतं. म्युलरची बायको किंवा मुलगी ती म्युलरिन. अठराव्या शतकापर्यंत कागदपत्रांतही बाईचं आडनाव असं लिहीत. शिलरचं 1784 मधलं प्रसिद्ध नाटक ‘काबाले उंड लीबे’, म्हणजे कारस्थान आणि प्रेम, आधी नायिकेच्याच नावाने लिहिलं गेलं होतं : ‘लुइसे मिलरिन’. नाव बदलण्याची सूचना एका नटाने केली आणि रंगभूमीवर येताना मिलरिन शीर्षकातून गेली. पुढे ते ‘इन’ही लोपलं.

पण एक म्युलरिन मात्र सगळ्या जगाने ऐकली आहे. एल्बेपासून जवळच, मुल्डे नदीच्या काठी, डेसाऊ नावाचं शहर आहे. झाक्सेनश्पीगेल लिहिणाऱ्या आइकेचं गावही त्याच पट्ट्यातलं. डेसाऊमध्ये 1794 साली एका शिंप्याच्या घरात विल्हेल्म म्युलर जन्मला. म्हणजे नाव दळणाऱ्याचं आणि हातात सुई! कितव्या पिढीत चाक सुटलं आणि कात्री आली, ते नाव सांगत नाही. नाव फक्त सुरुवात सांगतं. विल्हेल्म बर्लिनला शिकायला गेला. तिथे एका सुसंस्कृत घरी तरुण मंडळी जमून गाण्यांचा खेळ रचत होती. गिरणीवाल्याची सुंदर मुलगी आणि तिच्यावर जीव टाकणारे तरुण, असा विषय. विल्हेल्मच्या वाट्याला नावाला शोभेल अशी गिरणीतल्या पोराची भूमिका आली. शिंप्याचा मुलगा पहिल्यांदा आपल्या नावाच्या आत शिरला. त्यातून त्याची ‘सुंदर म्युलरिन’ ही काव्यमाला झाली. 1823 मध्ये व्हिएन्नात फ्रान्त्स शूबर्टने तिच्यातल्या वीस कवितांना चाली लावल्या. शूबर्ट या आडनावाचा मूळ अर्थ चांभार. दळणाऱ्याच्या नावाच्या कवीला जोडे शिवणाऱ्याच्या नावाचा संगीतकार भेटला तो कागदावरच. दोघांची गाठ कधी पडली नाही. 1827 मध्ये म्युलर गेला, पुरता तेहतिशीचाही नव्हता. पुढच्या वर्षी शूबर्ट गेला.

मी ती वीस गाणी पहिल्यांदा मॅक्स म्युलर भवनातच ऐकली. गिरणीत काम मागायला आलेला पोरगा ओढ्याशी बोलतो, चाकाशी बोलतो, फुलांशी बोलतो. ज्या मुलीसाठी तो शेवटी ओढ्यात जीव देतो तिचं नाव एकदाही येत नाही. ती फक्त म्युलरिन. आज ती गाणी ऐकताना ओढा माझ्या ओळखीचा वाटतो आणि मुलगी जास्तच.

गाणी रचली गेली त्याच वर्षी, 6 डिसेंबर 1823 ला, विल्हेल्मला मुलगा झाला. फ्रीडरिश हे मामाचं नाव, आणि मॅक्स हे कार्ल मारिया फॉन वेबरच्या ‘फ्रायश्युत्स’ या ऑपेरातल्या नायकाचं. वेबर म्हणजे विणकर. तो या बाळाचा धर्मपिता होता. बाप गेला तेव्हा मॅक्स चार वर्षांचाही नव्हता. हाच मुलगा लाइपझिगला संस्कृत शिकला, पॅरिसला संस्कृतचे पंडित ब्युर्नूफ यांच्या हाताखाली बसला, इंग्लंडला गेला आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या पैशाने सायणभाष्यासह ऋग्वेद छापायला बसला. सहा खंड, 1849 ते 1874. पाव शतक!

या माणसाने आपल्या आडनावाशी जे केलं त्याने मला नेहमी हलवलं आहे. म्युलर इतके होते की आपण त्यांत हरवून जाऊ असं त्याला वाटलं, म्हणून त्याने मॅक्स हे नाव आडनावालाच बांधून टाकलं. बापाने एका भूमिकेपुरतं नाव पांघरलं होतं. मुलाने नावाला नवी मूठ बसवली. आणि ऋग्वेदाच्या संस्कृत मुखपृष्ठावर त्याने ते तिसऱ्यांदा घडवलं. ऑक्सफर्ड, बैलांचा उतार, त्याचं झालं गोतीर्थ. जर्मनी झाली शार्मण्यदेश. आणि म्युलर झाला मोक्षमूलर. ओढ्याकाठच्या पिठातून निघालेलं नाव मोक्षाच्या मुळाशी जाऊन बसलं.

त्या ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात सोम ठेचणाऱ्या दगडांची सूक्तं आहेत. दगडांची, त्यांच्या आवाजाची स्तुती. त्या दगडाला शब्द आहे ग्रावन्. आणि ग्रावन् हा जर्मॅनिक क्विर्नचा सख्खा भाऊ आहे. दोन्ही एकाच जुन्या मुळातले. दळणाऱ्याचं आडनाव लावणारा माणूस ऑक्सफर्डला ग्रावन् हा शब्द प्रूफात तपासत बसला असेल, तेव्हा त्याच्या खोलीत त्याच्या नावातलं लॅटिन चाक थांबलं असेल आणि त्याच्याही आधीचं, बायकांच्या हातांतलं जातं फिरू लागलं असेल. ही माझी कल्पना. पण शब्दांचं नातं खरं आहे.

तो ऋग्वेद पुण्याच्याही वाट्याला आला. 1897 मध्ये टिळकांना राजद्रोहाची शिक्षा झाली तेव्हा मॅक्स म्युलरने आपल्या दुसऱ्या आवृत्तीची प्रत त्यांना तुरुंगात पाठवली. ती वाचायला रात्री काही तास दिवा लावायची परवानगी मिळाली. त्यांच्या सुटकेसाठी अर्ज गेला त्यावरही त्याची सही होती. 1898 मध्ये टिळक सुटले आणि पुढे ‘आर्क्टिक होम इन द वेदाज’च्या प्रस्तावनेत त्यांनी हे ऋण नोंदवलं. बोट क्लब रोडवरची ती पाटी वाचत मी आतबाहेर करायचे तेव्हा हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

सातव्या घंटीच्या आजींनी एकदा मला कॉफीला बोलावलं. माझं जुनं, गंजलेलं जर्मन त्यांनी धीराने ऐकून घेतलं. मी गिरणी पाहून आल्याचं सांगितलं तर म्हणाल्या, आमच्या ह्यांच्या घरात कुणी गिरणी पाहिलेली नाही, सासरे रेल्वेत होते. आणि त्या स्वतः तर मुळात म्युलर नव्हेतच, त्या माहेरच्या श्नायडर. शिंप्याकडून दळणाऱ्याकडे आल्या, विल्हेल्मच्या बरोबर उलट! त्यांचं लग्न साठीच्या दशकात झालं. तेव्हा नवऱ्याचं आडनाव घेणं कायद्यानेच बांधलेलं होतं, फार तर माहेरचं शेवटी जोडता येई. दोघांपैकी कोणाचंही आडनाव निवडायची मुभा आली 1976 च्या कायद्याने, आणि एकमत झालं नाही तर नवऱ्याचंच, ही अट तिथल्या संविधान न्यायालयाने रद्द केली ती 1991 मध्ये. “मला उशीर झाला होता,” त्या म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, तुमच्या आजी, जातं फिरवणाऱ्या, त्यांचं माहेरचं नाव काय?

मी आडनाव सांगितलं. “नाही,” त्या म्हणाल्या, “त्यांचं.”

आमच्याकडे लग्नात नावही बदलतात हे मी त्यांना सांगितलं. ताटात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्याने अंगठीने त्यावर नवं नाव लिहायचं. त्या कप हातात धरून ऐकत राहिल्या. मला आजीचं सासरचं नाव येत होतं. तांदळाखालचं येत नव्हतं.

घरी येऊन मी आत्याला फोन लावला. गावाला तेव्हा रात्रीचे नऊ वाजून गेले होते. आत्या ऐंशीच्या पुढची, तिला आधी मोठ्याने सगळं समजावून सांगावं लागलं.

“आगं बाई, आईचं म्हायेरचं नाव? ते आता कोण सांगणार! सगळी गेली की गं.” मग जरा थांबून म्हणाली, “पण ती जात्यावर म्हणायची त्यात हुतं. थांब.”

फोनमध्ये काही वेळ नुसता पंख्याचा आवाज. मग तिने लय धरली, अगदी हळू, हात फिरवताना श्वास लागतो तशी मधेमधे तोडत. पहिल्या ओवीत माहेरचं गाव आलं. दुसरीत नदीचा उतार. मग ती अडकली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, कारण मधूनच म्हटलं की तिला आठवत नव्हतं. तिसऱ्या ओवीत भाऊ बैलगाडी जुंपून बहिणीला न्यायला येतो आणि दारातूनच हाक मारतो.

त्या हाकेत नाव होतं.

मी टेबलावर पेन शोधत होते. आत्याला म्हटलं, “परत एकदा म्हण ना.”